मिनी ट्रॅक्टरचा लोडर निघतो पटकन, परत बसताना मात्र अडतो. कुठं चुकतंय?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. २७ एचपीचा फोर-व्हील मिनी ट्रॅक्टर, पुढं पिनांवर बसणारा लोडर. उन्हाळ्यात शेणखत आणि मुरूम भरायला तो लागतो. मिरगाच्या आधी उतरवावा लागतो, कारण चिखलणीला पुढचा भार नको आणि खाचरात वळताना बकेट बांधाला लागते.

उतरवायला अर्धा तास पुरतो. भात काढून झाल्यावर परत चढवताना तीन अडचणी येतात. डाव्या बाजूची पिन बसते, पण उजवीकडचं भोक पाऊण इंच खाली राहतं. तेलाच्या चार होजपैकी (रबरी नळ्यांपैकी) दोन कपलरमध्ये (ट्रॅक्टरवरच्या झटपट जोडात) शिरतच नाहीत. आणि गेल्या खेपेला सगळं जोडून झाल्यावर बूम (बकेट उचलणारा लोडरचा हात) वर गेला, तो खाली येईना.

लोडर गोठ्यामागं लाल मातीवर उभा असतो, वर ताडपत्री. उजवी पिन घणानं मारून बसवली तर चालते का? काढण्याबसवण्याची नीट पद्धत कुणी सांगेल का?

---

वेदगंगा_वर्कशॉप (निपाणी)

घण अजिबात लावू नका. पिनेवर घाव बसला की तिचं डोकं फुलतं, कडेला ओठ येतो, आणि पुढच्या वेळी ती भोकातून बाहेर निघत नाही. पिन ज्यात बसते त्या ट्रॅक्टरवरच्या ब्रॅकेटचं भोकही लंबगोल होतं. मग बूम उचलताना तिथं ‘टक’ आवाज यायला लागतो आणि तो वाढतच जातो.

तुमच्या तिन्ही अडचणींची सुरुवात लोडर उतरवतानाच होते. लोडर ज्या जागी, ज्या कोनात आणि ज्या दाबात तुम्ही सोडला, तसाच तो पाच महिन्यांनी तुम्हाला सापडायला हवा. त्यामुळं आधी उतरवण्याचं सांगतो.

जागा पहिली. खानापूरकडची लाल माती पावसात लोण्यासारखी होते. उतरवलेला लोडर ज्यावर उभा राहतो त्या स्टँडचा पाय म्हणजे तळहाताएवढी पट्टी, तिच्यावर शंभर किलोच्या आसपास भार. जून ते सप्टेंबरमध्ये एक पाय इंचभर जरी रुतला तरी तिकडचा टॉवर (बूमला मागून धरणारा, ब्रॅकेटमध्ये बसणारा उभा खांब) खाली जातो. तुमचं पाऊण इंच तिथलंच असणार. शेडमध्ये ८ बाय ८ फुटांचा काँक्रीटचा चौथरा असला तर उत्तम. नसेल तर प्रत्येक स्टँडखाली फूटभर चौरस, दोन इंच जाडीची फळी आणि बकेटच्या पात्याखाली लांब फळी घाला. शहाबादी फरशी घालू नका, एका बिंदूवर भार आला की ती मधोमध तडकते.

मागचं वजन आधी काढू नका. तीन फुटी रोटाव्हेटर किंवा वजनाची पेटी मागं असू द्या. लोडर पुढं असताना मागं काही नसेल तर मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मागच्याच चाकांना असतात.

बकेट रिकामी करा, पण काढू नका. लोडर बकेट आणि स्टँड यांच्या आधारानं उभा राहतो, बकेट काढली की तोल जातो. इंजिन हळू चालवा, हजार-बाराशे आरपीएम पुरेत. बूम एवढाच उचला की स्टँड खाली सोडता येतील. मग हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि दोन्ही स्टँड बाजूला उभं राहून सोडून त्यांच्या लॉक पिना घाला. उचललेल्या बूमखाली वाकायचं नाही, कुणाचा हात किंवा डोकंही तिथं जायला नको.

आता बूम हळू खाली आणा. बकेट जमिनीला सपाट टेकू द्या आणि स्टँडवर भार येऊ द्या. काही लोडरना बकेट किंचित पुढं झुकवून ठेवावी लागते. बूमवर चिकटवलेल्या चित्रात ते असतं, आपल्या लोडरचं चित्र बघूनच करा.

आता पिना. पिन सुटायला तयार आहे की नाही हे बोटांनी कळतं. लॉक काढून पिन दोन बोटांनी फिरवून बघा. गोल फिरली तर तिच्यावर भार नाही. फिरत नसेल तर दुसऱ्या माणसाला बूमचा लिव्हर अगदी केसभर वर किंवा खाली करायला सांगा, पण तेवढा वेळ तुम्ही पिनेपासून हात काढून बाजूला उभे राहा. लिव्हर सोडला की परत फिरवून बघा. फिरायला लागली की हातानंच बाहेर येते.

दोन्ही पिना निघाल्यावर बूमचा लिव्हर हळू चालवा. टॉवर ब्रॅकेटच्या खोबणीतून सुटताना दिसेल. एक बाजू सुटली आणि दुसरी अडकली तर थांबा. स्टँड एकसारखे टेकलेले नाहीत असा त्याचा अर्थ. जोर केलात तर टॉवर पिळवटतो. टॉवर सुटला की इंजिन बंद. होज काढल्यावर ट्रॅक्टर सरळ रेषेत मागं घ्या. दोन फूट आल्यावर थांबून कुठली होज अडकली नाही ना हे एकदा बघा. स्टेअरिंग वळवलेलं असेल तर पुढचं चाक टॉवरला घासतं.

मागं घेण्याआधी चारही चाकांच्या कडेला जमिनीवर रंगानं खूण मारा. परत बसवताना ट्रॅक्टर त्याच खुणांवर आणलात की निम्मं काम झालं.

---

मार्कंडेय_हायड्रॉलिक (बेळगाव)

वर पिनांचं आणि जागेचं सगळं बरोबर आलंय. होजचं मी सांगतो, कारण लोक इथंच सगळ्यात जास्त झटापट करतात.

होज शिरत नाही याचं कारण आतला दाब. कपलर काढला की लोडरच्या बाजूचं तेल सिलिंडर आणि होजमध्ये कोंडून राहतं. सावलीत असेपर्यंत काही होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीखाली लोखंड तापलं की तेल फुगतं, फुगायला जागा नसते, दाब चढतो. मग कपलरमधली सुई (तोंड बंद ठेवणारी झडप) आतून एवढ्या जोरानं दाबलेली असते की दोन्ही हातांनी ढकलूनही ती मागं जात नाही.

म्हणून काढतानाच दाब मोकळा करायचा. इंजिन बंद केल्यावर बूमचा आणि बकेटचा लिव्हर दोन्ही दिशांना प्रत्येकी तीन-चार वेळा पूर्ण हलवा. बूमला फ्लोट (बूमला स्वतःच्या वजनानं मोकळं बसू देणारी लिव्हरची खाच) असेल तर लिव्हर त्या खाचेत घालून दहा सेकंद ठेवा. बूम हलकासा बसेल, बसू द्या. तेव्हाच होज काढा. कपलरचं तोंड स्वच्छ फडक्यानं पुसा आणि टोप्या लावा. टोप्या हरवल्या म्हणून पिशवी बांधून ठेवू नका. पिशवीत वाफ धरते आणि सुईला गंज येतो.

एक युक्ती खरंच कामाची आहे. एका सिलिंडरच्या दोन होजपैकी एकीला नर आणि दुसरीला मादी कपलर बसवून घ्या. ट्रॅक्टरच्या बाजूला त्याच्या उलट. लोडर काढल्यावर त्या दोन होज एकमेकींनाच जोडता येतात. सिलिंडरच्या दोन्ही बाजू एकमेकींना मिळतात, आणि तेल फुगलं तर रॉड (सिलिंडरचा सरकणारा दांडा) किंचित सरकून जागा होते. दाब साठत नाही आणि घाणही आत जात नाही. शिवाय बूमची नर होज चुकून बूमच्याच दुसऱ्या जागी जोडता येत नाही.

दाब आधीच साठलेला असेल तर काय? पहाटे, लोखंड गार असताना जोडून बघा. जमलं नाही तर सिलिंडर आणि होजवर ओलं पोतं टाकून अर्धा तास थांबा, बऱ्याच वेळा तेवढ्यानं उतरतो. तरीही नाही गेलं तर होजच्या टोकाचा नट पान्यानं पाव फेरा सैल करा, वर जाड फडकं धरून, डोळ्यांवर चष्मा लावून. थोडं तेल येईल, दाब जाईल, नट परत आवळा. हे करताना बकेट आणि स्टँड दोन्ही जमिनीवर नीट टेकलेले हवेत, भार सिलिंडरवर नको. हातोडीनं सुई ठोकू नका. तिचं टोक वाकलं की तो कपलर कायमचा गळतो.

गळती कुठं आहे हे हात फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. दीडशे बार दाबाला सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीखाली घुसतं. वरून लहानसा टिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर मलम न लावता त्याच तासाला दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.

---

मलप्रभाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. होज चारही एकाच रंगाच्या आहेत. बूम वर जाऊन अडकला तो कशामुळं असेल? आणि टॉवर ब्रॅकेटच्या जवळ आल्यावर वर-खाली कसा करायचा? मी पहारीनं उचलत होतो.

---

मार्कंडेय_हायड्रॉलिक

बूम अडकला तो अर्धवट बसलेल्या कपलरमुळं. कपलर पूर्ण ‘कट्’ करून बसला नाही तर आतली सुई एकमार्गी झडपेसारखी वागते. पंपाचं तेल जोरानं येतं तेव्हा सुई ढकलून आत जातं, म्हणून बूम उचलतो. परत यायला लागलं की सुई बंद होते. म्हणजे दोष वर उचलणाऱ्या होजच्या कपलरमध्ये.

अशा वेळी लिव्हर खाली दाबत राहू नका. वरून दाब देता तेव्हा कोंडलेल्या बाजूचा दाब आणखी वाढतो आणि होज फुटू शकते. आणि बूम वर असताना तो कपलर ओढून काढायचा तर अजिबात नाही. आधी बूमला लोखंडी टेकू द्या, किंवा बाहेर आलेल्या रॉडवर सी-चॅनेलचा तुकडा बसवा, म्हणजे सिलिंडर मिटूच शकणार नाही. टेकू पक्का झाला की इंजिन बंद ठेवून त्या होजचा नट हळू सैल करा आणि दाब सोडा. नट आवळा, कपलर नीट बसवा. बूम किंचित उचलून टेकू काढा आणि मग खाली आणा.

पुढं असं होऊ नये म्हणून प्रत्येक कपलर बसवला की होज मागं ओढून बघा. सगळ्या जोडल्यावर बूम फक्त चार इंच उचला आणि लगेच खाली आणा. बूम आणि बकेट मिळून चारही दिशा अशा तपासल्याशिवाय बूम डोक्याच्या वर न्यायचा नाही.

होज ओळखायला रंगीत टेप दोन महिन्यांत मातीनं एकसारखी होते. त्यापेक्षा केबल टाय मोजून लावा: पहिल्या होजला एक, दुसरीला दोन, असं चारपर्यंत. कपलरच्या पलीकडेही तेवढेच. अंधारातही बोटांनी मोजता येतात. एका जोडीतल्या दोन होज अदलाबदल झाल्या तर लिव्हर उलटा चालतो. मोडत काही नाही, पण खाली म्हणून ढकललेला लिव्हर बकेट वर नेतो आणि समोर माणूस उभा असू शकतो.

---

वेदगंगा_वर्कशॉप

टॉवरच्या हालचालीबद्दल. पहार बाजूला ठेवा, ते काम सिलिंडर करतात.

ट्रॅक्टर खुणांवरून सरळ आत घ्या, ब्रॅकेटपासून टॉवर दोनेक इंचांवर असताना थांबा, इंजिन बंद करून होज आधी जोडा. होज जोडल्या की बूमच्या लिव्हरनं टॉवर झुकतो, कारण बूम आता जमिनीला टेकलेला आहे आणि हलायला टॉवरच मोकळा आहे. ‘वर’ केलं की टॉवरचा पाय तुमच्याकडं सरकतो, ‘खाली’ केलं की बकेटकडं. बकेटच्या लिव्हरनं टॉवरची उंची बदलते. ती कुठल्या दिशेला बदलते ते स्टँड कुठं बसवलाय त्यावर ठरतं, म्हणून पाव इंच हलवून बघा. या दोन लिव्हरांनी टॉवर खोबणीच्या तोंडाशी आणा, मग ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्ये इंच-इंच पुढं.

दोन्ही बाजू वेगळ्या उंचीला असतील तर लिव्हरांनी ते सुटणार नाही, कारण दोन्ही सिलिंडर एकत्रच चालतात. आधी ट्रॅक्टरच्या टायरची हवा मोजा. डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल तर ट्रॅक्टरच कलतो आणि दोष लोडरला जातो. हवा सारखी असेल तर रुतलेल्या स्टँडजवळ बूमखाली बॉटल जॅक लावून तेवढीच बाजू उचला आणि स्टँडखाली फळी सारा. हात नको, काठीनं ढकला.

भोकं जुळली की नाही ते पिनेनंच तपासा. बोट घालून चाचपायची सवय बऱ्याच जणांना असते. टॉवर केसभर सरकला तरी बोट कापलं जातं. पिनेला ग्रीसचा पातळ हात द्या. दोन्ही पिना गेल्यावर लॉक घाला, बूम किंचित उचलून भार घ्या आणि मगच स्टँड मिटा. पूर्ण वेळ लोडर आणि ट्रॅक्टर यांच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही, पोरांना तर त्या अंगणातच येऊ देऊ नका.

---

दूधगंगा_ऊस (चिकोडी)

माझा प्रश्न याच विषयातला. आमचा लोडर गावातच बनवून घेतलेला आहे, लिव्हरचा व्हॉल्व्ह लोडरच्याच टॉवरवर. काढताना तीन जाड होज सुटतात. उसाच्या बाळबांधणीला (लहान उसाला माती लावायला) लोडर काढला तर मागची लिफ्ट उचलत नाही आणि इंजिन दाबल्यासारखं गुरगुरतं. होजच्या तोंडांना प्लग मारले होते.

---

मार्कंडेय_हायड्रॉलिक

ट्रॅक्टर लगेच बंद करा आणि प्लग काढेपर्यंत सुरू करू नका. हा पंप मोडायचा रस्ता आहे.

तीन होज म्हणजे पंपाकडून व्हॉल्व्हला येणारी, व्हॉल्व्हमधून पुढं मागच्या लिफ्टला जाणारी, आणि टाकीकडं परतणारी. मिनी ट्रॅक्टरचा पंप इंजिन चालू असेपर्यंत तेल ढकलतच राहतो. तेल लोडरच्या व्हॉल्व्हमधून जाऊनच लिफ्टला मिळतं. तुम्ही वाट बंद केलीत, म्हणून लिफ्ट उपाशी राहिली आणि पंप भिंतीवर ढकलतोय. रिलीफ झडप (दाब फार चढला की तेल सोडून देणारी) त्याच काढलेल्या व्हॉल्व्हमध्ये असेल तर पंपाला कुठंच सुटका नाही. सील फुटतं किंवा पंपाची बॉडी तडकते.

लोडर काढला की पंपाची होज आणि लिफ्टची होज एकमेकींना जोडायची. टाकीच्या होजला टोपी लावायची. दोन्ही टोकांना योग्य कपलर असलेली हातभर लांबीची जोडहोज करून ट्रॅक्टरवरच बांधून ठेवा. मात्र अशा जोडणीत रिलीफ झडप कुठं राहते ते जाणकाराकडून बघून घ्या. पंपाजवळ वेगळी नसेल तर बसवूनच घ्या.

कुठली होज कुठली हे व्हॉल्व्हच्या बॉडीवर कोरलेलं असतं: ‘पी’ पंपाची, ‘टी’ टाकीची, तिसरी लिफ्टची. टाकीची आणि लिफ्टची उलट जोडली तर लिफ्टला जोर येत नाही, आणि लोडर चालवताना लिफ्टही उचलली तर व्हॉल्व्हच्या परतीच्या कप्प्यात पूर्ण दाब जातो. तो कप्पा तेवढ्यासाठी केलेला नसतो.

खरा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटवर कायमचा हलवणं. मग काढताना फक्त सिलिंडरच्या चार होज सुटतात, पंपाची वाट कधीच तुटत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकची दुकानं भरपूर आहेत, जुनी होज नमुना म्हणून घेऊन गेलात तर त्याच मापाची, टोकं दाबून बसवून देतात. मागताना रबरात तारेच्या दोन जाळ्या असलेली मागा. अर्ध्या इंची एक जाळीच्या होजचा कामाचा दाब साधारण १६० बार, दोन जाळ्यांच्या होजचा २७५ बार. पंप दीडशेच्या पुढं जात असेल तर एक जाळीच्या होजला काही शिल्लक राहत नाही.

---

वेदगंगा_वर्कशॉप

चिकोडीच्या दादांना आणखी एक. साडेचार फुटी सरीत बांधणी करणार असाल तर लोडर काढल्यावर ट्रॅक्टरला उरलेले ब्रॅकेट चाकांच्या बाहेर येतात का ते मापून बघा. बाहेर आलेला ब्रॅकेट उसाची पानं आणि कोंब फाडत जातो. आणि लोडर नसताना मागं जड औजार असेल तर पुढची वजनं परत लावा, नाहीतर बांध चढताना स्टेअरिंग हलकं पडतं.

---

मलप्रभाकाठ

पावसाळाभर लोडर ठेवताना रॉडचं काय करायचं? गेल्या वर्षी बकेटच्या रॉडवर गंजाचे ठिपके आले. आणि तेल लोडर काढल्यावर मोजायचं की आधी?

---

मार्कंडेय_हायड्रॉलिक

रॉड जितका आत जाईल तितका आत ठेवून उभा करा. बाहेर उरलेल्या भागाला ग्रीसचा जाड थर द्या आणि वर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत पाणी धरतं. ताडपत्रीही खालून उघडी ठेवा, वारा खेळला पाहिजे. परत वापरण्याआधी तो ग्रीस डिझेलच्या फडक्यानं पूर्ण पुसा, कारण त्यात बसलेली धूळ सीलमध्ये कानशीसारखी घासते. आलेले ठिपके बोटाच्या नखाला लागतात का बघा. नख अडकत नसेल तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं तेल लावून गोल दिशेनं पुसून चालेल. नख अडकलं तर तो रॉड सील कापणारच. क्रोम परत चढवून घ्या किंवा रॉड बदला.

तेल बूम आणि बकेट जमिनीवर टेकवून, लोडर लावलेला असताना मोजा. ५० मिमी बोअर (आतला व्यास), ३० मिमी रॉड आणि ४०० मिमी स्ट्रोकचा (रॉडच्या चालीचा) सिलिंडर पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटलेला यात पाव लिटरहून जास्त फरक पडतो, चार सिलिंडरचा मिळून लिटरभर. रॉड बाहेर असताना लोडर काढलात, तेल कमी दिसलं म्हणून भरलंत, आणि नंतर लोडर लावून रॉड आत घेतले तर तेवढं तेल जास्त होतं. भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल. मिनी ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. साधं हायड्रॉलिक तेल त्यात ओतलं तर तेलातले ब्रेक आवाज करतात.

परत बसवल्यावर हवा काढायला दोन्ही लिव्हर टोकापासून टोकापर्यंत चार-पाच वेळा हळू चालवा. बूम धक्क्यानं हलत असेल तर हवा अजून आहे.

---

वेदगंगा_वर्कशॉप

आणि ब्रॅकेटचे बोल्ट. ते इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागात जातात. एक ढिला राहिला की बाकीचे भार घेतात आणि बीड तडकतं, मग ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन भागांत सोडवावा लागतो. लोडर काढलेला असताना ते मोकळे दिसतात, तेव्हाच टॉर्क पान्यानं तपासा. मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर १६ मिमीच्या ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टला २०० न्यूटन-मीटरच्या आसपास. बसवल्यावर पहिल्या १० तासांनी एकदा, पुढं दर ५० तासांनी. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय.